अक्का दाबायच्या ते हिरवं बटण

कॉम्प्युटर हळू झाला म्हणून माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस पहिलं वाक्य एकच बोलतं, "मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं." आपोआप काय होतं? केस पिकतात, तेवढेच. जिन्याखालच्या या खोलीत मशीनं उघडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आपोआप बिघडलेलं एकही पाहिलं नाही. माझी जीभ तिखट आहे असं गिऱ्हाइकं तोंडावर सांगतात. सांगोत. पुढच्या वेळी परत माझ्याच दारात येतात.

स्टेनोकाकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "बाई, मशीन म्हातारं झालंय की मी, तेवढं बघून सांगा." असं बोलणारं गिऱ्हाईक मला आवडतं. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि एक जादा डिस्क टाकली आणि निघाले.

स्टेनोकाका म्हणजे एके काळी कोर्टातले स्टेनो. साहेब बोलत जायचे आणि यांची पेन्सिल पळत जायची. मग डोळ्यांत काचबिंदू शिरला. तो चोरपावलांनी येतो. आधी कडेनं चालणारी माणसं दिसेनाशी झाली, मग कागदाच्या कडेचे शब्द, शेवटी कागदच. कोर्टानं निरोप समारंभ केला आणि भेट म्हणून काय दिलं? भिंतीवरचं घड्याळ! आंधळ्या माणसाला घड्याळ! मी असते तर तिथंच कोणाच्या तरी टाळक्यात घातलं असतं. काका नुसतं हसले आणि ते अक्कांना दिलं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर भावाकडे राहायला आल्या, त्याच सुमारास भावाची नजर गेली. तेव्हापासून दोन खोल्यांत दोघांचा संसार. काका घरी बसून हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागाचे अहवाल टाइप करायचे. डॉक्टर तपासलेल्या रुग्णाची माहिती रेकॉर्ड करून पाठवणार, काका ऐकून टाइप करून परत पाठवणार. एका कानात डॉक्टर, दुसरा कान मशीनला. मशीनमध्ये स्क्रीनवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम होता आणि काकांनी त्याचा वेग असा काही वाढवला होता की मला तर मांडणीवरून भांडी कोसळताहेत असंच वाटलं. काका मात्र त्यातून शब्द न् शब्द वेचायचे.

"आता ऐका," ते म्हणाले आणि त्यांनी एक कळ दाबली. काहीच नाही. आम्ही दोघं वाट बघत बसलो. मग एकदम आवाज फुटला, अर्धा शब्द बोलला आणि परत घसा बसल्यासारखा थांबला. "तुम्हाला मशीन हळू झालं की नुसता वैताग येतो. मला कळतच नाही, अक्षर उमटलं की नाही. म्हणून परत दाबतो, की दोनदा उमटतं. काल एका रुग्णाला चार डोळे झाले."

मी हसले. ते हसले नाहीत.

"हॉस्पिटलातून फोन आला होता. आणखी उशीर झाला तर काम दुसऱ्याला देणार म्हणाल्या तिथल्या बाई. आणि काम गेलं की आमचा भाचा टपलेलाच आहे."

भाचा म्हणजे अक्कांचा मुलगा, लांबच्या शहरात राहणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. मामाला अंधांच्या आश्रमात ठेवू आणि आईला मी माझ्याकडे नेतो. मुलगा वाईट नाही हो. दर आठवड्याला फोन करतो, औषधं पाठवतो. पण दोन म्हाताऱ्या माणसांचं घर मोडायला माणूस वाईटच असावा लागतो असं थोडंच आहे! त्याला द्यायला काकांकडे एकच उत्तर होतं, की मी कमावतो, माझं घर मी चालवतो, अक्का माझ्याकडे आहे. ते उत्तर आता या खोकड मशीनच्या पोटात अडकलं होतं.

मी बाही वर सारून बसले. आधी बघितलं काय काय चालू आहे. डिस्कचा जीव मेटाकुटीला आलेला, मेमरी तोंडापर्यंत भरलेली आणि काकांनी तर एक कागदसुद्धा उघडलेला नाही. मशीन सुरू होताच आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांची रांग काढली, ती संपेचना. आणि त्यात अँटीव्हायरस किती असावेत? एक नाही, दोन नाही, तीन! तिघं एकमेकांना चोर समजून एकमेकांच्या मागे लागलेले. एकानं फाइल उघडली की दुसरा ती तपासायला धावणार, दुसऱ्यानं हात लावला की तिसरा बोंबलणार. वर मशीन वेगवान करून देतो म्हणणारे दोन भामटे, हवामान सांगणारा एक, आणि कुठल्या तरी पत्त्यांच्या खेळाची जाहिरात.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "हे कोणी टाकलं इथं? धर्मशाळा आहे का ही?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. 

"मीच," काका म्हणाले.

"काका, मला शिकवू नका. स्क्रीनवर उगवणारी असली जाहिरातींची खोकी तुमच्या मशीनला वाचताच येत नाहीत. चित्रं असतात ती. तुम्ही कुठून दाबणार?"

मग कळलं. त्या घरात एक रीत होती. काम करता करता मशीन मुकं झालं की काका टेबलावर दोनदा टकटक करायचे. अक्का हातातलं टाकून यायच्या, स्क्रीनवर काय आलंय ते सांगायच्या आणि दाबायच्या. असंच सगळी वर्षं चाललं होतं. "अक्का नसती तर माझं काम केव्हाच बंद पडलं असतं," काका म्हणाले, "माझं वाचायचं खातं तिच्याकडे."

मला वाटलं, बाई भाबडी आहे, जे येईल त्याला हो म्हणत सुटलीय. असली शेकडो बघते मी. म्हटलं, एकदा नीट शिकवू. तेवढ्यात एक खोकं आलंच. फुकट अँटीव्हायरस, आत्ताच घ्या. मध्ये हे एवढं मोठं हिरवं बटण आणि खाली कोपऱ्यात करड्या बारीक अक्षरात 'नको'. लबाडी बघा! अक्कांना बोलावलं. "अक्का, असं आलं की आधी वाचायचं. वाचा बघू मोठ्यानं."

अक्का पुढे वाकल्या. "अपडेट आलंय म्हणतंय," त्या म्हणाल्या आणि बोट थेट हिरव्यावर नेलं.

"कुठं लिहिलंय अपडेट?"

"अगं, तेच ते. नेहमीचं."

मी चिडून त्यांचं बोट धरलं आणि करड्या अक्षरांवर नेऊन टेकवलं. "हे काय आहे?" त्या आणखी वाकल्या. मी बोट आणखी थोडं सरकवलं, जिथं काहीच नव्हतं अशा जागी. "आणि हे?"

"हं... नको म्हणतंय," अक्का म्हणाल्या.

मी त्यांचं बोट सोडून दिलं. काका कान देऊन ऐकत होते. मी घाईनं म्हटलं, "बरोबर. असंच वाचायचं." आयुष्यात गिऱ्हाइकाशी एवढं गोड खोटं मी कधी बोलले नव्हते.

"नवी डिस्क आणावी लागेल," असं सांगून मी उठले. डिस्क पिशवीत होती. अक्का मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि दार ओढून घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. एक हात कठड्यावर घट्ट.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मध्ये थोडं दिसतं गं. मोठं आणि रंगीत असलं की कळतं. बारीक अक्षर म्हणजे नुसत्या मुंग्या." त्यांचा आवाज अगदी साधा होता, जणू गुडघा दुखतो म्हणून सांगताहेत. "त्याला सांगू नकोस. त्याची टकटक ऐकली की धावते खरी. काय आलंय ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणायची सोय नाही. हिरवं दिसायचं, ते दाबलं की खोकं जायचं. तो म्हणायचा, वा अक्का. मला काय माहीत, मी त्याचं मशीन मारत होते म्हणून!"

त्या रडल्या नाहीत. मलाच रडू यायला लागलं आणि रडू आलं की मी भांडते. "डॉक्टरकडे गेलात का? नाही ना? भावाचे डोळे काचबिंदूनं गेले, सख्ख्या बहिणीला तपासून घ्यायची अक्कल नको?"

"कोणत्या डॉक्टरकडे जाऊ? इथं एकच हॉस्पिटल. तिथले सगळे कागद त्याच्याच हातून जातात."

"रेकॉर्डिंगमध्ये नाव नसतं, नुसता नंबर असतो, काकांनीच सांगितलंय. आणि तुमचं आडनाव वेगळं, तुम्ही त्यांची बहीण हे डॉक्टरांना काय स्वप्नात कळणार आहे? जा. नाही गेलात तर मी आत जाऊन सांगते. माझ्या तोंडाला कुलूप नाही, सगळ्यांना माहीत आहे." असं दटावलं तेव्हा कुठं त्या हो म्हणाल्या. आणि नंतर खरंच गेल्या, कोपऱ्यावरच्या शिंपिणीला सोबत घेऊन. काकांना सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

मशीनचं काम मी दुसऱ्या दिवशी केलं. जुनी फिरणारी डिस्क काढून नवी बसवली, मेमरी वाढवली, सगळी पेंढारी टोळी मुळासकट उपटून काढली. हे अँटीव्हायरस नुसते काढून टाकले तरी जात नाहीत बरं का, मागे शेपूट ठेवतात. प्रत्येकाचं शेपूट वेगळ्या अवजारानं तोडावं लागतं. मग प्रश्न आला, एक तरी ठेवायचा तर कोणता? लोक मला विचारतात, सगळ्यात भारी कोणता? भारी कशाला हवा? हलका हवा. गप्प बसून काम करणारा, मेमरी कमी खाणारा, ऊठसूट खोकी न फेकणारा. आणि काकांच्या बाबतीत आणखी एक अट, त्याच्या खिडक्या मशीनच्या आवाजाला वाचता आल्या पाहिजेत.

एक हलका म्हणून नावाजलेला घालून बघितला. त्यानं पहिल्याच तपासणीत काकांचा वाचणारा प्रोग्राम चोर ठरवून कोंडून ठेवला. का, तर तो प्रत्येक कळ ऐकतो. अरे गाढवा, ऐकणारच! मशीन ठार मुकं. काकांचा चेहरा त्या क्षणी असा झाला की मी तो प्रोग्राम शिव्या देत हाकलला. शेवटी मशीनबरोबर मुळातच येतो तो साधा अँटीव्हायरस चालू केला. त्याला सांगून ठेवलं की हा आवाज आपल्या घरचा आहे, याला हात लावायचा नाही. मोठी तपासणी काकांच्या दुपारच्या जेवणाच्या वेळेला लावली. जाहिरातींची दारं बंद केली. घरात एक अँटीव्हायरस पुरे, आणि अनोळखी काही उघडायचं नाही ही सवय त्याहून मोठी.

काकांनी कळ दाबली आणि भांडी कोसळायला लागली, न थांबता, धाडधाड. काका खुर्चीत ताठ बसले. "बाई," ते म्हणाले, "मी म्हातारा नव्हतो." अक्का दारात उभ्या राहून हसत होत्या. मलाही इतकं बरं वाटलं की मी चहा मागून घेतला.

त्यानंतर कामाला खीळ बसली नाही. हॉस्पिटलच्या बाईंनी स्वतः फोन करून शाबासकी दिली. टकटकही बंद झाली, कारण खोकीच येईनात. मला वाटलं, निभावलं.

मग एका सकाळी काकांचा फोन आला. "मशीन उत्तम आहे. तरी या."

गेले तेव्हा अक्का आत भांडी घासत होत्या, नळ सोडलेला होता. काकांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितलं आणि नळाच्या आवाजाआड बोलले. "काल डॉक्टरांचं रेकॉर्डिंग आलं. रुग्ण स्त्री, विधवा, वय अमुक. ऐकत होतो, टाइप करत होतो. रोजचंच. मग म्हणाले, कौटुंबिक इतिहास, धाकटा भाऊ, अंध, घरी टायपिंगचं काम करतो." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. "मी मलाच टाइप केलं बाई. एक चूक नाही केली."

मी विचारलं, "अक्कांना ठाऊक आहे, तुम्हाला कळलंय ते?"

"ती मला म्हणते, चष्म्याचा नंबर वाढलाय. मी म्हणतो, बरं. तिला वाटतंय मला माहीत नाही. तुम्हाला ठाऊक होतं ना? माझ्यासमोर तुम्ही तिला 'बरोबर' म्हणालात तेव्हाच मला शंका आली. तुम्ही कोणाला बरोबर म्हणत नाही."

मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "अहवाल अजून पाठवला नाही. खाली लिहायला सांगितलंय, एक प्रत रुग्णाच्या मुलाला पाठवावी. अक्कानं तिथं जवळचा नातेवाईक म्हणून त्याचंच नाव दिलं असणार, ती तरी काय करणार, माझं देता येईना. मी पाठवला की दुपारपर्यंत तो भाच्याच्या हातात. नाही पाठवला तर काम जाईल. काल दिवसभर तो तसाच उघडा ठेवून बसलोय."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"हा आवाज हळू करता येतो ना? अगदी हळू. नव्या माणसाला कळेल इतका. माझं बोट तिकडे जातच नाही, मला नेहमी वाढवायचाच माहीत. तिला शिकवायला घेईन म्हणतो, गंमत म्हणून. थोडं तरी हाताशी येईल, पुढं..."

मी सेटिंग उघडलं आणि वेग खाली आणत गेले. भांड्यांचा खडखडाट थांबला आणि त्यातून एक बाई निघाली, स्वच्छ, सावकाश बोलणारी. इतक्या वर्षांत त्या घरात तिचा शब्द काकांशिवाय कोणाला कळला नव्हता. त्यामुळे स्पीकर बारीक करावा, हे काकांच्या कधी मनातच आलेलं नव्हतं. "बघू," ते म्हणाले आणि सवयीनं वाचायची कळ दाबली.

"दोन्ही डोळ्यांत काचबिंदू," बाई म्हणाली, "पुढच्या टप्प्यातला. गेलेली दृष्टी परत येणार नाही."

आतला नळ बंद झाला होता. अक्का दारात उभ्या होत्या, हातांना साबण तसाच. काकांना पाऊल ऐकू आलं आणि त्यांचा हात कळ शोधायला धावला.

"थांबवू नकोस," अक्का म्हणाल्या. "डॉक्टरांकडे एवढंच ऐकलं आणि पुढचं डोक्यात शिरलंच नाही माझ्या. ऐकू दे."

काकांनी हात मागे घेतला. बाई वाचत राहिली. उरलेली दृष्टी टिकावी म्हणून थेंब, तरी खात्री देता येत नाही. एकटीनं रस्ता ओलांडू नये. शेगडीपाशी काम करू नये. धाकटा भाऊ अंध, सध्या रुग्णाच्याच देखभालीखाली. घरी सोबतीला डोळस माणूस असणे आवश्यक. प्रत, रुग्णाच्या मुलास.

अक्कांनी पदराला हात पुसले. "संपलं?"

"संपलं."

"कधी आलाय हा?"

"काल."

"कालचा अजून ठेवलायस?" त्या एकदम रागावल्या, लहान भावावर रागवावं तशा. "काम घालवायचंय का? पाठव."

"अक्का, पाठवला की तो येईल."

"येऊ दे. काम गेलं तरी तो येणारच आहे." त्या चाचपडत पुढे आल्या, आता लपवायचं काही उरलं नव्हतं, खुर्चीची पाठ सापडली तशी धरून उभ्या राहिल्या. "तुझं काम चोख आहे एवढं तरी त्याला दिसू दे. पाठव म्हणते ना!"

मी त्या दोघांच्या मध्ये बसले होते, घरातली एकटी डोळस, आणि मला कुठं बघावं कळत नव्हतं. देवाशपथ, त्या क्षणी ते मशीन बंद पडावं असं मला वाटलं. काकांनी कळ दाबली. पूर्वी एवढा अहवाल जायला बराच वेळ लागायचा. आता तो लगेच गेला.